प्रवासात असताना अनुभवी स्वारांसाठी चांगली ट्रेल राईड कशी शोधायची?

रानरपेट

गेली चौदा वर्षं मी घोड्यावर बसते आहे. कामामुळे वर्षातून तीन-चारदा दुसऱ्या देशात जाणं होतं आणि प्रत्येक वेळी एखादा मोकळा दिवस हाताशी असतो. तो दिवस मला घोड्यावरच घालवायचा असतो. पण अनुभव ठरलेला. आधी मेल करून विचारते, "अनुभवी स्वारांसाठी रपेट आहे का?" उत्तर येतं, "हो, आहे." तिथे पोचल्यावर दहा-बारा घोडी एकामागे एक उभी. पुढच्याच्या शेपटीला नाक लावून दीड तास कदम चाल, आणि संपलं.

मागच्या खेपेला मिळालेला घोडा अगदी गुणी होता. पण त्याला रांगेतून जरा बाजूला घ्यायला गेले तर तो जागचा हलेना. पुढे घोड्याची शेपूट दिसली की चालायचं, एवढंच त्याला माहीत. माझ्यापुढे पहिल्यांदाच बसलेला एक मुलगा होता. दोन्ही हातांनी खोगिराचा पुढचा भाग घट्ट धरून बसला होता, त्यामुळे ट्रॉटसुद्धा, म्हणजे साधी दुडकी चालही, झाली नाही. त्या मुलाचा यात काहीच दोष नाही. त्याच्यासाठी ती रपेट योग्यच होती, माझ्यासाठी नव्हती.

मला उड्या मारायच्या नाहीत, शर्यत लावायची नाही. मोकळं रान, शिकवलेला पण जिवंत घोडा आणि दोन-चार लांब कँटर (भरधावपेक्षा संथ, लयीतली दौड) एवढंच हवंय. प्रवासात अशी जागा तुम्ही कशी शोधता? शोधताना नेमकं काय बघता, काय विचारता?

पागेतला

सहा मोसम मी ट्रेल गाईड म्हणून काम केलंय, त्यामुळे पलीकडच्या बाजूने सांगतो.

"अनुभवी" हा शब्द पागेत कुणी मनावर घेत नाही. आमच्याकडे येणाऱ्या दहातले सहा जण फॉर्मवर अनुभवी लिहायचे. त्यातले निम्मे लहानपणी सुट्टीत चार वेळा बसलेले असायचे. खोटं बोलायचा त्यांचा हेतू नसतो, त्यांना खरंच तसं वाटत असतं. म्हणून गाईड तुमच्या शब्दावर विसंबत नाही. तो गटातल्या सगळ्यात कच्च्या माणसाच्या चालीने सगळ्यांना नेतो. मोकळ्या रानात एक घोडा कँटरला सुटला की बाकीचे मागे राहायला तयार नसतात. घोडा कळपात राहणारं जनावर आहे. तुम्ही सुटलात की तो घाबरलेला मुलगाही तुमच्यामागे सुटणार, आणि त्याची मांड पक्की नसेल तर तो खाली. म्हणून मिश्र गटात कँटर मिळणार नाही हे धरूनच चाला. कुठे मिळाला, तर त्या पागेत परत जाऊ नका.

तेव्हा "अनुभवींसाठी रपेट आहे का" हा प्रश्नच सोडा. त्याऐवजी तुम्ही काय करू शकता ते लिहा. मी मेल वाचत असे तेव्हा अशा मजकुरावर लगेच उत्तर द्यायचो:

"मी आठवड्यातून तीनदा बसते, मुख्यतः इंग्लिश खोगिरावर. उघड्या मैदानावर गटासोबत कँटर करते आणि घोड्याला आवरू शकते. चार-पाच तास खोगिरावर बसायची सवय आहे. घोड्याची तयारी स्वतः करते. उंची इतकी, वजन इतकं. शेवटचं कधी पडले आणि कशामुळे, तेही सांगते. माझ्याच तोडीच्या स्वारांसोबत किंवा एकटीला गाईडसोबत जाता येईल का? आधी रिंगणात बसून दाखवायची तयारी आहे."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. जो स्वतःहून "बघून घ्या" म्हणतो तो बहुधा खरा असतो. आणि ज्या पागेतून उलट चार प्रश्न येतात ती पागा चांगली. उत्तरात नुसती वेळ आणि रक्कम आली, तर पुढचं काय ते समजून घ्या.

दुडकी

पागेतला यांच्याशी सहमत. पडल्याचं लिहायचं हे मला कधी सुचलं नसतं, पण वाचल्यावर पटलं.

रानरपेट, देश बदलला की भाषा बदलते, तिथलीच मोजपट्टी वापरा. फ्रान्समध्ये स्वाराची पातळी "गालो" या श्रेणींमध्ये मोजतात, १ ते ७. तिथल्या लांब रपेटींच्या माहितीत "गालो ४ किंवा त्याहून वर" असं स्पष्ट लिहिलेलं असतं. असं लिहिलेली रपेट दिसली की ती रांगेतली नाही हे नक्की. तुमच्याकडे त्यांचं प्रमाणपत्र नसलं तरी त्या श्रेणीत काय काय येतं ते वाचून "मला हे जमतं" असं सांगता येतं. ब्रिटनमध्ये ब्रिटिश हॉर्स सोसायटीने मान्यता दिलेली केंद्रं आहेत. मी सुरुवात नेहमी त्या यादीपासून करते. मान्यता म्हणजे वेगवान रपेट मिळेलच असं नाही, पण घोड्यांची निगा आणि शिकवणारी माणसं याबद्दल निश्चिंत राहता येतं.

अमेरिकेत जाणार असाल तर डूड रँच आणि वर्किंग रँच यांतला फरक लक्षात घ्या. डूड रँच पाहुण्यांसाठी चालवलेली असते. तिथल्या चांगल्या ठिकाणी पहिल्या दिवशी तुमची परीक्षा घेऊन वॉक, ट्रॉट आणि लोप असे गट पाडतात. लोप म्हणजे आपला कँटरच. वर्किंग रँचवर खरी गुरं वळायची असतात, घोड्याला काम माहीत असतं, आणि दिवसाचे तास मोजून मिळत नाहीत. इंग्लिश पद्धतीने शिकलेल्यांनी जायच्या आधी एका हाताने लगाम धरून मानेवर लगाम टेकवून वळवायची सवय करावी. मी ती न करता गेले होते. पहिला अख्खा दिवस घोडा आणि मी एकमेकांना समजून घेण्यात गेला.

उत्तरवारा

मी जाहिरातीतले आकडे वाचतो. ते बरंच काही सांगून जातात.

घोड्याची कदम चाल ताशी ६ किमीच्या आसपास असते. ट्रॉट त्याच्या साधारण दुप्पट, कँटर त्याहून वर. आता माहितीपत्रकात "पाच तास, २५ किमी" लिहिलं असेल तर गणित करा. ताशी ५ किमी. म्हणजे दिवसभर चालणंच, फोटोत कितीही भरधाव घोडी दाखवलेली असोत. तेवढ्याच वेळात ३५-४० किमी लिहिलं असेल तर मध्ये ट्रॉट आणि कँटर नियमित असणार. डोंगरातल्या रपेटींना मात्र हा हिशोब लावू नका. तिथे चढ-उतारच वेळ खातात आणि १५ किमीचा दिवसही स्वाराचा कस पाहतो. किर्गिझस्तानमधलं सोंगकुल सरोवर ३,००० मीटरवर आहे. तिथे जायची वाट बहुतेक चालीनेच काटायची, पण खिंड उतरताना घोड्यावर नीट बसणं हे कँटरइतकंच कौशल्याचं काम आहे.

दुसरं म्हणजे गटाचा आकार आणि गाईडची संख्या. आठ स्वारांमागे दोन गाईड, एक पुढे आणि एक मागे, असतील तर गट गरजेनुसार दोन भागांत करता येतो. एकच गाईड असेल तर तो करणार काय?

दूरची वाट

माझं म्हणणं थोडं वेगळं. एका दिवसाच्या रपेटीत फार शोधाशोध करण्यात अर्थ नाही. खरी मजा पाच-सात दिवसांच्या प्रवासात आहे, कारण तिथे नवखा माणूस सहसा येतच नाही.

आइसलँडचं उदाहरण देतो. तिथल्या लांब प्रवासात स्वारांसोबत मोकळा कळप धावत असतो आणि दिवसातून दोन-तीनदा घोडा बदलायचा असतो. थकलेला घोडा कळपात सोडायचा, ताजा घ्यायचा. त्यांची टोल्ट चाल एकदा अनुभवावी अशी आहे. वेग कँटरचा, पण खोगिरावर धक्का जवळजवळ नाही. जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: वापरलेलं खोगीर, लगाम, चामड्याचे हातमोजे यांतलं काहीही तिथे नेता येत नाही. कपडे आणि बूट धुऊन, निर्जंतुक करूनच न्यावे लागतात. बाहेरून घोडा आणायला तिथे बंदी आहे आणि देशाबाहेर गेलेला आइसलँडिक घोडा पुन्हा परत येऊ शकत नाही. शतकानुशतकं बेटावर वेगळ्या राहिलेल्या त्या घोड्यांना बाहेरच्या रोगांशी लढायची ताकद नाही, म्हणून हे नियम.

बोट्स्वानातल्या ओकावांगो खोऱ्यात घोड्यावरून सफारी होते. तिथे अटी कडक असतात आणि असायलाच हव्यात. हत्ती किंवा म्हैस अंगावर आली तर गटासोबत भरधाव निघून जाता आलं पाहिजे. पहिल्या दिवशी बघतात, आणि जमत नसेल तर नम्रपणे थांबवतात.

आता एक प्रसंग सांगतो. मंगोलियातल्या आठ दिवसांच्या प्रवासात आमच्यातल्या एकाने फॉर्मवर "उत्तम स्वार" लिहिलं होतं. मंगोल घोडा उंचीला कमी, पण स्वभावाने अर्धा रानातला. पाठीमागे रेनकोट फडफडला तरी बुजतो. तिसऱ्या दिवशी त्या माणसाने चालत्या घोड्यावर जाकीट काढायला घेतलं. एक बाही हातात, दुसरी वाऱ्यावर. घोडा उधळला, माणूस पडला, मनगट मोडलं. जवळचा रस्ता चार तासांवर. गाईड त्याला घेऊन गेला आणि आम्ही बाकी सगळे दोन दिवस एकाच तळावर थांबून राहिलो. त्याच्यावर राग नव्हता, पण त्या दोन दिवसांत खूप विचार केला. चालत्या घोड्यावर जाकीट काढायचं नसतं हे त्याला कुणीतरी आधी शिकवायला हवं होतं. तेव्हापासून फॉर्मवर मी माझी पातळी एक पायरी खालीच लिहितो. मग पहिल्या दिवशी बघून तेच वर घेतात.

आयाळ

सगळे स्वाराबद्दल बोलताहेत, मी घोड्याबद्दल बोलते. माझ्या दृष्टीने जागा निवडायची पहिली कसोटी तीच.

पोचल्यावर लगेच बसू नका. वीस मिनिटं आधी जा आणि खोगीर चढवताना उभं राहून बघा. तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) ओढताना घोडा कान मागे पाडतो का, वळून चावायला येतो का? पाठीवर खांद्यामागे पांढऱ्या केसांचे ठिपके असतील तर ती जुनी जखम असू शकते, कदाचित आधीच्या मालकाकडची. त्यावरून लगेच निवाडा करू नका. पण तंगाखाली कातडी सोललेली असेल, ओली जखम असेल, खूर वाढून फाटलेले असतील, नाल सैल वाजत असेल, तर तिथून निघा. रिकिबीचा पट्टा जिथे खोगिराला जोडलेला असतो तिथली शिवण बोटाने चाचपून पाहा. धावत्या घोड्यावर ती शिवण उसवली तर काय होईल हे सांगायला नको.

त्यांना विचारा की हा घोडा आठवड्यातून किती दिवस काम करतो आणि आज त्याची कितवी फेरी आहे. मोसमाच्या शेवटी हे हमखास विचारा. तीन महिने रोज दोन-दोन फेऱ्या मारलेल्या घोड्याकडून कँटर मागणं मला जमत नाही.

वजनमर्यादा विचारली तर रागावू नका, न विचारणाऱ्याकडे जाऊ नका. स्वार, खोगीर, सामान सगळं मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण १५ ते २० टक्क्यांत बसावं असा सर्वसाधारण दंडक आहे. ४५० किलोच्या घोड्यासाठी वरची मर्यादा ९० किलो. त्यातून वेस्टर्न खोगिराचे १५ किलो वजा करा, मग स्वारासाठी किती उरतात ते बघा.

निळं खोगीर

आयाळ, हा हिशोब कुणीतरी इतक्या स्पष्ट शब्दांत मांडला हे बरं झालं. माझं वजन ९२ किलो आहे. दोन ठिकाणी मला नाही म्हणाले आणि तेव्हा फार वाईट वाटलं. तिसऱ्या ठिकाणी आधीच वजन कळवलं, तर त्यांनी ६०० किलोचा ड्राफ्ट क्रॉस, म्हणजे ओझं ओढणाऱ्या दणकट जातीचा संकर, राखून ठेवला. इतकी सुंदर रपेट मी आयुष्यात केली नव्हती. खरं वजन सांगितल्यावर योग्य घोडा मिळतो.

आणखी दोन गोष्टी. हेल्मेट स्वतःचं न्या, आणि विमानात हातातल्या सामानात ठेवा. खाली टाकलेल्या सामानाची आपटाआपट होते, आणि आतला थर चेपला असेल तर बाहेरून दिसत नाही. पागेतली हेल्मेट किती वेळा पडलेली आहेत हे कुणालाच माहीत नसतं. दुसरं, प्रवास विम्याची कागदपत्रं वाचा. बऱ्याच पॉलिसींत घोडेस्वारी असते, पण शर्यत, उड्या किंवा अनेक दिवसांचा प्रवास वगळलेला असतो. काहींत ठरावीक उंचीच्या वरचा प्रदेशही चालत नाही. दुर्गम भागातून हेलिकॉप्टरने आणायचा खर्च धरलाय का ते वेगळं विचारा.

रानरपेट

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. दूरची वाट, आठ दिवस सध्या हाताशी नाहीत, पण आइसलँड मनात टिपून ठेवलंय. जवळचा प्रश्न असा: पुढच्या महिन्यात आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एक दिवस मिळतोय. समुद्रकिनाऱ्यावर रपेट देणारी बरीच ठिकाणं दिसतात आणि सगळीकडे फोटोत पाण्यातून धावणारी घोडी. एका दिवसासाठी यातलं खरं कसं ओळखायचं?

पागेतला

किनाऱ्यासाठी एकच प्रश्न पुरतो. त्यांना विचारा, "त्या दिवशी ओहोटी किती वाजता आहे आणि तुमची रपेट किती वाजता निघते?"

पाण्यालगतची ओली, घट्ट वाळूच कँटरसाठी चांगली. वरच्या कोरड्या, खोल वाळूत धावलं की घोड्याच्या पायाच्या स्नायुबंधांवर ताण येतो. म्हणून जाणकार पागा दर दिवशी ओहोटीप्रमाणे वेळ बदलते. जे रोज सकाळी दहा आणि दुपारी तीनला नेतात ते तुम्हाला वाळूवर चालवून आणतात, इतकंच.

आणि शक्य असेल तर आदल्या दिवशी त्याच पागेत एक तासाचा धडा घ्या. तुम्हाला शिकवून वेगळं काय शिकवणार ते, पण त्या तासात त्यांना तुम्ही दिसता आणि तुम्हाला घोडा. मी गाईड होतो तेव्हा धडा घेतलेल्या पाहुण्याला दुसऱ्या दिवशी न विचारता चांगला घोडा द्यायचो.

उत्तरवारा

+१. शिवाय एंड्युरन्सवाल्यांना विचारून बघा, म्हणजे लांब अंतराच्या शर्यतीसाठी घोडी तयार करणाऱ्यांना. त्यांना वर्षभर घोडी फिरवायची असतात आणि माणसं कमी पडतात. अनोळखी स्वाराला लगेच घोडा देणार नाहीत, पण आपल्यासोबत एका दिवसाला नेतात. मी त्यांच्यासोबत दोनदा गेलोय. मधल्या थांब्यावर ते घोड्याची नाडी मोजतात. त्यांच्या स्पर्धांमध्ये ती मिनिटाला ६४ पर्यंत खाली आल्याशिवाय घोड्याला पुढे जाऊ देत नाहीत. तो शिरस्ता सरावातही पाळतात. माझ्या कँटरची किंमत घोड्याच्या छातीत कशी मोजतात ते मी तिथे पहिल्यांदा बघितलं.

रानरपेट

जाऊन आले! सविस्तर लिहिते.

पागेतला यांच्या मजकुरासारखी मेल चार ठिकाणी पाठवली. शेवटची पडल्याची गोष्टही लिहिली: दोन वर्षांपूर्वी, पक्षी उडाल्यावर घोडा बाजूला सरकला आणि मी सरळ जमिनीवर. दोन ठिकाणांहून वेळ आणि रक्कम आली. एकाकडून काहीच नाही. चौथ्या ठिकाणच्या बाईंनी उलट पाच प्रश्न विचारले. त्यातला एक असा होता: "घोडा पुढे जायला उतावीळ झाला तर तू पहिलं काय करतेस?" मी लिहिलं, श्वास सोडते, खांदे खाली घेते, मग लगाम. त्यांचं उत्तर एका ओळीचं, "गुरुवारी ओहोटी ११:४० ला आहे, आदल्या दिवशी ये."

आदल्या दिवशी गेले. त्यांनी मला एक करडी घोडी दाखवली आणि खरारा हातात देऊन त्या बाजूला उभ्या राहिल्या. बोलल्या काहीच नाहीत. मी घोडीच्या खांद्याकडून गेले, हात हुंगू दिला, पाठ आणि तंगाची जागा तळव्याने चाचपली. खोगीर जरा पुढे ठेवून मागे सरकवलं, म्हणजे केस उलटे राहत नाहीत. तंग एकदम आवळला नाही. एक भोक, मग तिला चार पावलं चालवलं, मग दुसरं. रिकीब काखेपासून बोटांपर्यंत मापून घेतली. तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या आणि म्हणाल्या की रिंगणात वीस मिनिटं पुरे. नंतर त्यांनी सांगितलं, बसण्याआधीच त्यांचं ठरलं होतं.

गुरुवारी आम्ही तिघी होतो. त्या, त्यांच्याकडे वर्षानुवर्षं येणारी एक स्वार आणि मी. वाळूच्या टेकड्यांतून अर्धा तास चालत खाली गेलो. पाणी लांब मागे गेलं होतं, ओल्या वाळूवर आकाश दिसत होतं. त्यांनी नियम सांगितला: त्यांच्या पुढे जायचं नाही, त्यांनी हात वर केला की तीन टापांत ट्रॉटवर यायचं. मग निघालो. आधी मोजून-मापून कँटर. करडीचे कान पुढे, मान खाली. मी लगामावर फक्त बोटं ठेवली होती. दुसऱ्या खेपेला त्यांनी मागे वळून पाहिलं, मान हलवली आणि वेग वाढवला. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं. ओल्या वाळूवर टापांचा आवाज वेगळाच येतो, बसका आणि भरीव, आणि तिघींच्या टापा मध्येच एका तालात यायच्या.

हात वर झाला. करडी दोन टापांत खाली आली. मी तिच्या मानेवर हात ठेवला तर आयाळ खाऱ्या पाण्याने चिकट झालेली. तिथून परत चालीनेच आलो, तंग एक भोक सैल करून, शेवटचा पाऊण किलोमीटर तर उतरून पायी.

आयाळ

उतरून पायी आणलं हे वाचून फार बरं वाटलं. पाठ बघितलीस का खोगीर काढल्यावर?

रानरपेट

बघितली. घाम दोन्ही बाजूंना सारखा, मध्ये कुठे कोरडा डाग नाही. बाईंनीही तेच आधी पाहिलं. निघताना त्यांनी एक पत्ता दिलाय, त्यांच्या ओळखीचे लोक सप्टेंबरमध्ये आइसलँडला मेंढ्या खाली आणायच्या मोहिमेत घोड्यावरून जातात. दूरची वाट, त्या वेळी हवामान कसं असतं आणि दिवसाला किती तास बसावं लागतं? नवे हातमोजे घ्यायचेच आहेत.

दूरची वाट

सहा ते नऊ तास धरा, पाऊस आणि बोचरा वारा धरूनच चाला. हातमोजे दोन जोड घ्या, एक ओला झाला तर दुसरा. आतापासून आठवड्यातून एकदा तरी चार तास सलग बसायला लागा. बाकी त्यांच्याशी बोलणं झालं की इथेच लिहा, सामानाचं मी बघून सांगतो.